दुपारी तीनला संपणारा फोन



स्मृतिव्याख्यानाला मोबाईलची बॅटरी हा विषय घेतला, म्हणून दोन-तीन ज्येष्ठांनी फोन करून काळजी व्यक्त केली. निमंत्रणपत्रिकेत काहीतरी छापायचं चुकलं असावं, असं त्यांना वाटलं. चुकलेलं नाही. सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की बाहेरच्यांना एकच साल आठवतं, शिवाजी महाराजांच्या स्वारीचं १६६४. मला मात्र आज इथे सुरतेत उभं राहताना १८४४ आठवतं. त्या वर्षी याच शहरात दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या मित्रांनी मानवधर्मसभा काढली. त्या मित्रांत मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते, तेव्हा ते इथे शिक्षक होते. या सभेने एक मोठं मजेचं काम केलं. मंत्र घालणाऱ्या, भुतं उतरवणाऱ्या मंडळींना तिने जाहीर आव्हान दिलं: तुमचा मंत्र चारचौघांत चालवून दाखवा. मोबाईलच्या बॅटरीभोवती गेल्या वीस-बावीस वर्षांत जेवढे मंत्र आणि तोडगे जमले, तेवढे एखाद्या देवऋष्याकडेही नसतील. पहिल्यांदा आठ तास लावा, पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, काळा वॉलपेपर ठेवा, रात्री फ्रिजमध्ये ठेवा. तेव्हा दादोबांच्या वाटेनेच जाऊ आणि एकेकाला चालवून पाहू.

पण तोडग्यांची टिंगल करायला मी आलेलो नाही. सुरुवातीच्या स्मार्टफोनांत ज्या उणिवा होत्या, त्या बनवणाऱ्याच्या, नेटवर्कच्या आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या होत्या. त्या भरून काढायचं काम मात्र वापरणाऱ्याच्या सवयींवर ढकललं गेलं. ‘तुम्हीच नीट वापरत नाही’, असं त्याला सांगण्यात आलं. आणि ज्याच्या हाताशी प्लग नव्हता त्याला हे ओझं सगळ्यांत जड गेलं. सुरतेत तो माणूस कोण, हे तुम्हाला सांगायला नको. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथल्या खोल्यांत तो राहत होता. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेला, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तासांची पाळी करणारा.

त्याच्या हातातला फोन कोणता होता? पहिला आयफोन नव्हे. भारतात आयफोन थ्री-जी आला २२ ऑगस्ट २००८ ला, ८ जीबीचा, ३१,००० रुपयांना. त्या दिवशी देशात एकाही खाजगी कंपनीचं थ्री-जी नेटवर्क सुरू नव्हतं. नावात थ्री-जी, हवेत टू-जी. त्या फोनमध्ये व्हिडिओ घेता येत नव्हता आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवताही येत नव्हता, ही सोय पुढच्या वर्षी आली. पण ती श्रीमंतांची दुखणी. आपल्या माणसाच्या हातात स्मार्टफोन खऱ्या अर्थाने आला तो २०११ नंतर, आणि त्यातला एक चेहरा तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे: सॅमसंग गॅलेक्सी वाय. तीन इंचांचा पडदा, २४० बाय ३२० ठिपके, ८३२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, मागे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. फ्लॅश नाही, पुढे कॅमेरा नाही. आणि आत ॲप ठेवायला जागा जेमतेम १८० एमबी. आज लग्नातला एखादा लांबलचक व्हिडिओही त्या जागेत मावणार नाही.

या १८० एमबीने लोकांना फार छळलं. व्हॉट्सॲप टाकलं, फेसबुक टाकलं, गूगलच्या आपोआप येणाऱ्या अपडेट आल्या, की वरच्या पट्टीत जागा संपल्याची सूचना उगवायची. मेमरी कार्ड दोन जीबीचं असलं तरी उपयोग नसे, कारण ॲपचा मुख्य भाग आतच राहायचा. कार्डावर दुकानातून भरून घेतलेली गाणी मात्र सुखाने नांदत. जागा अगदीच संपली की त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये साधे एसएमएससुद्धा घेतले जात नसत. बँकेचा मेसेज, पाळी बदलल्याचा निरोप, सगळं बाहेरच अडकायचं. माणूस म्हणायचा, मला मेसेज आलाच नाही, आणि समोरच्याला ती थाप वाटायची. शिवाय अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनांवर देवनागरी दिसायची ती चौकोनांच्या रांगेसारखी, किंवा जोडाक्षरं मोडून. गावाकडून आलेला मराठी निरोप वाचण्यासाठी आपल्या लोकांनी रोमन लिपीतली मराठी शिकून घेतली. तिचा एवढा सराव झाला की फोन सुधारल्यावरही ती सुटली नाही. मला स्वतःला ही उणीव बॅटरीपेक्षा मोठी वाटते, पण आजचा विषय तो नाही.

बॅटरी होती १,२०० मिलिअँपिअर-अवर. याला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की साधारण साडेचार वॉट-अवर होतात. आता नोकिया ११०० आठवा, टॉर्चवाला. त्याची बॅटरी ८५० ची, म्हणजे तीन-सव्वातीन वॉट-अवर. नव्या फोनात ऊर्जा जुन्यापेक्षा जास्तच होती. तरी नोकिया चार-चार दिवस चाले आणि हा दुपारी तीनला मान टाके. बॅटरी लहान म्हणणं अर्धंच खरं. तिच्यावर टाकलेलं काम कितीतरी पटींनी वाढलं होतं. आज तुमच्या खिशातल्या फोनची बॅटरी पाच हजारांची असते, म्हणजे त्या वायच्या चौपटीहून जास्त. पण तीही रात्रीपर्यंत कशीबशी पुरते, ही तक्रार आहेच.

इथे विजेचा एक हिशोब करून टाकू, कारण त्यावरून खोल्यांत भांडणं झाली आहेत. साडेचार वॉट-अवरची बॅटरी भरायला चार्जरमधलं नुकसान धरून सहा-सात वॉट-अवर लागतात. म्हणजे मीटरवरच्या एका युनिटात असा फोन दीडशे वेळा भरतो. वर्षभर रोज चार्ज केला तरी सव्वादोन-अडीच युनिट. घरमालकाने ‘तुमच्या मोबाईलमुळे बिल वाढलं’ म्हणावं असं त्यात काही नव्हतं. टंचाई होती ती प्लगची. एका खोलीत आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची, एकच अंथरूण दोन पाळ्यांत वाटून घेणारी. भिंतीवर बोर्ड एक, त्यावर एक पंखा आणि एक पिन. खात्यात फोन लावायला शेठची ना. मग चार्जिंगचीही पाळी लागायची.

आणि सुट्टीत गावी जावं तर तिथे वेगळंच. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजना राबवून शेतीचे फीडर वेगळे काढले आणि गावठाणाला चोवीस तास वीज दिली. त्याच वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन सुरू होतं, बारा-बारा तासांचं. सुरतेत लाईट होती पण पिन नव्हती, गावी पिन होती पण लाईट नव्हती. आमचा खानदेशी माणूस या दोहोंच्या मधल्या गाडीत बसलेला.

गाडीचा उल्लेख आलाच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण बॅटरी कुठे जाते हे समजायला सुरत-भुसावळ मार्गासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. फोनमधला रेडिओ टॉवर जवळ असला की हळू बोलतो आणि लांब असला की आवाज चढवतो, भरबाजारात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा. नऊशे मेगाहर्ट्झच्या जीएसएममध्ये ही चढण दोन वॉटपर्यंत जाऊ शकते. शहरात टॉवर पावलोपावली, त्यामुळे त्याच्या कितीतरी खाली काम भागतं. व्यारा सोडलं, उकाई-सोनगडचे डोंगर सुरू झाले, की रेंज जाते-येते. रेंज गेली की फोन गप्प बसत नाही, तो नेटवर्क शोधत राहतो. एक पट्टा तपास, दुसरा तपास, थ्री-जी आहे का, नाही, टू-जी आहे का, आहे, पुन्हा थ्री-जी दिसतंय. खिशातला फोन कुणी हात न लावता गरम होतो तो याच वेळी.

मग येतं नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. राज्याची सीमा फलाटावरून जाते, तिथल्या बाकाचं एक टोक या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात. १९६० साली दोन राज्यं झाली तेव्हा स्टेशन उचलून कुणी बाजूला ठेवलं नाही. टेलिकॉमची मंडलंही इथेच बदलतात. फोन एक टॉवर सोडतो, दुसरा धरतो, स्वागताचा मेसेज येतो आणि त्याबरोबर रोमिंग सुरू होतं. त्या काळात रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक नवापूर यायच्या आत बोलून घेत आणि मग फोन बंद करून ठेवत. पैसे वाचवायला केलेली ही गोष्ट बॅटरीसाठी नेमकी बरोबर होती. पुढच्या डोंगरपट्ट्यात फोन बंद ठेवणारा नंदुरबारला उतरताना चार्ज घेऊन उतरे. जनरल डब्यात तेव्हा चार्जिंगचे पॉइंट नसत, आणि वरच्या वर्गाच्या डब्यात असले तरी ते आपल्याला कोण लावू देणार?

तेव्हा पहिला खरा तोडगा हा: रेंज नसेल तिथे विमान मोड किंवा सरळ बंद. आणि दुसरा, त्या वर्षांपुरता: नेटवर्क ‘फक्त जीएसएम’वर ठेवा. खाजगी कंपन्यांचं थ्री-जी २०१०च्या लिलावानंतर पसरू लागलं होतं आणि त्याला एक खोड होती. एखादा छोटा मेसेज आला-गेला, तरी रेडिओ नंतर काही सेकंद जागा राहायचा, आणखी काही येईल या आशेवर. पन्नास सुप्रभात एकदम आले तर खर्च एका जागरणाचा. तेच पन्नास दिवसभरात विखरून आले तर पन्नास जागरणं. कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या काका-मावशांना मी काही म्हणत नाही. पण भाच्याचा फोन दुपारी तीनला का बंद पडतो, त्याचं उत्तर थोडंफार त्यांच्याकडेही होतं.

पडद्याचा उजेड कमी करा, हा तोडगाही खराच, पडदा हा मोठा खाऊ आहे. काळ्या वॉलपेपरचा मात्र गमतीदार घोटाळा झाला. तेव्हा काही महागड्या फोनांचे पडदे एमोलेड जातीचे असत. त्यांत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, आणि काळ्या चित्राने बॅटरी खरोखर वाचते. स्वस्त फोनांचा पडदा एलसीडीचा. त्याच्या मागे एक दिवा सतत पेटलेला, पुढे फक्त झडपा. चित्र काळं लावा की पांढरं, मागचा दिवा तेवढाच जळतो. तरी गल्लीगल्लीत गॅलेक्सी वायवर काळे शंकर आणि काळे बजरंगबली झळकत होते. देवाची कृपा असेल, बॅटरीची नव्हती.

त्याहून वाईट प्रकार ‘टास्क किलर’ नावाच्या ॲपांचा. एक बटण दाबलं की मागे चालणारे सगळे प्रोग्रॅम मारायचे, आणि किती मेमरी मोकळी झाली ते मोठ्या आकड्यात दाखवायचं. वापरणाऱ्याला समाधान. पण अँड्रॉइड मारलेली ॲप थोड्या वेळाने पुन्हा उठवतं, आणि मेलेलं उठवायला झोपलेलं जागं करण्यापेक्षा जास्त वीज लागते. बॅटरी वाचवणाऱ्या फुकट ॲपांचं दुखणं आणखी एक: त्यांत जाहिराती असत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अभिनव पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ॲपांच्या आत ऊर्जा कुठे खर्च होते ते मोजलं. फुकट ॲपांत ६५ ते ७५ टक्के ऊर्जा मूळ कामावर नव्हे, तर जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या भागांवर जात होती. माणूस कुठे आहे ते बघ, त्याला साजेशी जाहिरात आण, त्याने ती पाहिली हे कळव. आता सांगा, यात वापरणाऱ्याची कोणती सवय चुकली? फुकट खेळ घेतला, त्याची किंमत तो चार्जमध्ये चुकवत होता, आणि चार्ज त्याला रांगेत उभं राहून मिळत होता.

हेही नवं नव्हतं. २००४ मध्ये कॅबीर नावाचा एक किडा सिंबियन फोनांत फिरला, नोकिया ६६०० सारख्या. तो ब्लूटूथने आजूबाजूचे फोन शोधत राहायचा. माहिती चोरत नव्हता, पैसे कापत नव्हता. त्याचा मुख्य उपद्रव हा की सतत शोधाशोध करून तो बॅटरी संपवायचा. त्याला आपण व्हायरस म्हटलं. पुढे हेच काम जाहिरातींनी केलं, तेव्हा त्याला धंदा म्हटलं.

इथपर्यंत बोललो ते दिवसाच्या चार्जबद्दल. सेलचं आयुष्य ही दुसरी गोष्ट, आणि दोघांचं बऱ्याचदा आपसांत पटत नाही. दिवस ढकलायचा तर फोन सतत शंभरवर असलेला बरा, पण सेलला दोन-तीन वर्षं जगवायचं तर शंभरवर टांगून ठेवणं वाईट. सल्ला देणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकत्र कालवल्या, आणि त्यातून तोडग्यांचा मोठा भाग जन्मला.

पहिला तोडगा, पूर्ण उतरवल्याशिवाय लावू नका. हा मुळात खोटा नव्हता. जुन्या कॉर्डलेस फोनांत, सुरुवातीच्या मोबाईलमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असत. ते अर्धवट उतरवून पुनःपुन्हा भरले तर त्यांची उरलेली क्षमता मिळेनाशी व्हायची. लिथियम-आयनचे सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणले, आणि त्यांना ही खोड नाही. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच सेलसाठी मिळालं. यात लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांतून कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांत आणि परत असे येरझारा घालतात. पार रिकामा करणं उलट त्याला मारक. खूप खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातून तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा भरताना भलतीकडे जमतं. ‘पहिल्यांदा आठ तास लावा’ हाही निकेलचाच वारसा. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरला की चार्जर हात आखडता घेतो, नंतरचे पाच तास नुसती पिन अडवून ठेवली जाते. एका पिनेवर दहा माणसं असलेल्या खोलीत हा सल्ला किती महागात पडला असेल, विचार करा.

दुसरा तोडगा त्याहून जुना, टॉर्चचे सेल उन्हात ठेवण्याचा. तो आपण सगळ्यांनी केला आहे. जस्त-कार्बनच्या सेलला ऊन दिलं की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग धरते आणि टॉर्च पाच-दहा मिनिटं अधिक जळतो. खरं आहे. तेच लिथियमला केलं तर तो कायमचा म्हातारा होतो. म्हणजे पाहा, मंत्र खोटे नव्हते, ते दुसऱ्या देवाचे होते. निकेलचा मंत्र लिथियमला घातला गेला, आणि फोनबरोबर आलेल्या माहितीपत्रकात हे कुणी मराठीत किंवा गुजरातीत सांगितलं नाही.

आता उष्णतेकडे येतो. लिथियमच्या सेलचा खरा वैरी ती आहे, आणि सुरतेत तिची कमतरता नाही. हे सेल नुसते ठेवले तरी झिजतात. किती झिजतात ते दोन गोष्टींवर अवलंबून: तापमान, आणि सेल किती भरलेला आहे ते. पंचवीस अंशांत चाळीस टक्के भरून ठेवलेला सेल वर्षाने सुमारे ९६ टक्के क्षमता राखतो. त्याच पंचवीस अंशांत पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. चाळीस अंशांत अर्ध्याच्या आतबाहेर भरलेला असेल तर ८५, आणि चाळीस अंशांत पूर्ण भरलेला असेल तर ६५ च्या आसपास. शेवटचा आकडा परत ऐका. वर्षभरात एक-तृतीयांश गेली, आणि तीही न वापरता.

पांडेसऱ्याच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कापड वाळवणाऱ्या यंत्रापाशी उभं राहणाऱ्या माणसाला चाळीस अंश म्हणजे गारवा. पत्र्याखालच्या लूमच्या खात्यात मे महिन्याची दुपार काय असते, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना अंगाने माहीत आहे. रात्रभर उशीखाली लावून शंभर टक्के केलेला फोन घेऊन माणूस सकाळी त्या भट्टीत शिरायचा. दिवस पुरावा म्हणून शंभर आवश्यक, आणि शंभर अधिक उष्णता म्हणजे सेलची हत्या. त्याला दुसरा पर्याय होता का? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास पिन मिळाली असती तर होता. एवढा साधा उपाय. माझ्या मते सुरतेतल्या कारखानदारांनी तेव्हा भिंतीवर दहा पिनांचा एक बोर्ड ठोकला असता, तर बॅटऱ्यांचा अर्धा धंदा बसला असता. महिन्याचं बिल किती आलं असतं, ते मघाशी मोजलंच आपण.

या धंद्याबद्दल थोडं. भागळजवळच्या जनता मार्केटमध्ये त्या काळी एक फेरी मारली असती तर मोबाईलची सगळी शरीररचना उघडी दिसली असती. तिथल्या कारागिरांचं ज्ञान पुस्तकी नव्हतं, पण माहितीपत्रकापेक्षा पक्कं होतं. बॅटरी टेबलावर सपाट ठेवायची आणि बोटाने गरकन फिरवायची. फिरत राहिली तर पोटाने फुगली आहे, टाकून द्या. आत वायू धरल्याची ही इतकी सोपी परीक्षा कुठल्याच कंपनीने ग्राहकाला शिकवली नाही. पार उतरून मेलेली बॅटरी ते बूस्टर लावून जागी करत. झालेलं एवढंच असे की सेल फार खाली गेल्यावर त्यातलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं आणि फोनचा चार्जर दार ठोठावून थकतो. बाहेरून थोडा करंट दिला की दार उघडतं. कधी हे योग्य, कधी धोक्याचं, कारण आत तांबं विरघळलेलं असेल तर ते दार बंद राहिलेलंच बरं. खरा कारागीर गरम होतेय का ते हाताने बघून ठरवायचा.

मग चिमट्याचा युनिव्हर्सल चार्जर. बॅटरी फोनमधून काढायची, चिमट्यात धरायची, दोन तारा दोन पट्ट्यांवर टेकवायच्या, लाल-हिरवे दिवे लुकलुकू द्यायचे. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती, नोकियाची बारीक, दुसऱ्याची रुंद, तेव्हा हा चार्जर म्हणजे सर्वधर्मसमभाव होता. त्यात खोट ही की बॅटरीवर तिसरी पट्टी असते, ती तापमान आणि ओळख सांगते. चिमटा तिला विचारतच नाही. सेल तापला तरी तो भरत राहतो. शिवाय बनावट बॅटऱ्या. ८५० च्या आकाराच्या बॅटरीवर अडीच हजारांचा, पाच हजारांचा आकडा छापलेला. तेवढ्या आकारात तेवढी ऊर्जा मावत नाही. अनुभवी माणूस हातात तोलून वजनावरून ओळखायचा.

अस्सल बॅटऱ्याही निर्दोष होत्या असं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतःच सांगितलं की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिताने बनवलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात. भारतात त्या आठवड्यात जो गोंधळ उडाला तो आठवत असेल. फोनचं झाकण उघडून जो तो बॅटरीच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक वाचत होता. जगभरात अशी तापण्याची सुमारे शंभर प्रकरणं नोंदली गेली होती, भीती मात्र प्रत्येक खिशात. तरी त्या घटनेत एक चांगली बाजू होती. झाकण नखाने उघडत होतं. सदोष बॅटरी काढून नवी घालणं ग्राहकाच्या हातात होतं.

त्याआधी एक वर्ष, ऑगस्ट २००६ मध्ये, याच शहराने बॅटरीचा दुसरा धडा घेतला होता. उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं, तापीने बहुतेक शहर गिळलं आणि लोक वरच्या मजल्यांवर दिवसच्या दिवस अडकले. वीज नाही. मोबाईल घरोघरी होते, पण एकदा उतरले की झालं. त्या पुरात साध्या फोनांनी जेवढी साथ दिली तेवढी पाच वर्षांनंतरच्या स्मार्टफोनने दिली नसती, असं मला वाटतं. दुपारी तीनला संपणारा फोन गच्चीवर पहिल्याच संध्याकाळी मेला असता. नव्या यंत्राचे गुणदोष मोजताना आपण चांगल्या दिवसाचा हिशोब करतो, वाईट दिवसाचा करत नाही.

बाजारातल्या एका माणसाने तो केला होता. मायक्रोमॅक्सच्या राहुल शर्मांना पश्चिम बंगालमधल्या एका खेड्यात ट्रकच्या बॅटरीवर चालणारा टेलिफोन बूथ दिसला. ती बॅटरी रोज लांब नेऊन भरून आणावी लागे. त्यावरून २००८ मध्ये कंपनीने एक्स१आय नावाचा साधा फोन काढला आणि तीस दिवस स्टँडबायची जाहिरात केली. फोन खपला, कंपनी उभी राहिली. पुढे त्याच कंपनीने स्वस्त अँड्रॉइड फोन काढले आणि त्यांची बॅटरी इतरांइतकीच दुपारी संपू लागली. स्मार्टफोनचं गणित कुणालाच चुकवता आलं नाही.

झाकण उघडण्याची सोय मात्र चुकवता आली असती, आणि ती आपल्याकडून काढून घेतली गेली. गॅलेक्सी वायच्या काळात खिशात दुसरी भरलेली बॅटरी ठेवणारे कितीतरी होते. दुपारी तीनला फोन मेला की तीस सेकंदांत नवा जन्म. पिनेची रांगही नको. मग फोन पातळ झाले, चिकटवून बंद झाले, आणि सेल म्हातारा झाला की फोनच म्हातारा ठरू लागला. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन ती सॉफ्टवेअरने हळू करत होती, अचानक बंद पडू नयेत म्हणून. हेतू समजण्यासारखा होता, पण ग्राहकाला न सांगता? ओरड झाल्यावर भारतात बॅटरी बदलायचा दर साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर आला. म्हणजे फोन हळू होण्यामागचं कारण दोन हजारांचा एक सेल होता, आणि कित्येकांचा तोवर पन्नास हजारांचा नवा फोन घेऊन झाला होता. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. झाकण परत येईलही, निदान तिकडे. आजच्या फोनांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचं बटण कंपन्या स्वतःच देतात. ते दहा वर्षं आधी दिलं असतं तर? पण तेव्हा ऐंशी टक्क्यांत दुपारचे दोनही वाजले नसते.

वाय आता निकामी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून व्हॉट्सॲपने त्याच्या जातीच्या अँड्रॉइडला रामराम ठोकला. पण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात तो, किंवा त्याचा भाऊबंद, अजून असेल. त्यात लग्नाचे फोटो असतील, कुणाचा आवाज असेल. तो ठेवायचा असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. ठेवण्याआधी अर्धी भरा, पूर्ण नको आणि रिकामी तर मुळीच नको. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने सेलचं भलंच होतं, पण बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं आणि पट्ट्या गंजतात. कपाटाचा खालचा, भिंतीपासून दूरचा खण पुरेसा आहे. सहा महिन्यांनी एकदा पाहा. फुगलेली दिसली तर ती भरू नका, टोचू नका आणि कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. गाडीत दाबली गेली तर पेट घेते. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रावर किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात द्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती हातोड्याने फोडतो. फोटो काढायचे असतील तर फोन बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर बहुधा चालू होत नाही, तेव्हा फुगायच्या आत काढून घ्या. आज संध्याकाळीच घ्या.

आता प्रश्न विचारा.